रक्तक्षयाचे कोडे आणि डॉ. लूसी विल्स

दिवस गेल्याची खात्री करून घेण्यासाठी स्त्री डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिच्या हाती पडणाऱ्या पहिल्या चिठ्ठीवर एका लहानशा गोळीचे नाव हमखास असते. ती गोळी म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. औषधाच्या दुकानात ती अगदी स्वस्तात मिळते आणि सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या जोडीने मोफत दिली जाते. बुद्धी तल्लख ठेवण्याचे, स्मृती शाबूत राखण्याचे आश्वासन देणाऱ्या कॅप्सूलांनी, माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांच्या बाटल्यांनी आज दुकानांची फडताळे भरून गेली आहेत. त्यांतील पुष्कळ दाव्यांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. फॉलिक अ‍ॅसिडचे तसे नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू नीट घडावा यासाठी ते आवश्यक असते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. या गोळीचा माग काढत मागे गेले, की वाट थेट मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत येऊन पोहोचते. तेथे भेटते ती चाळिशीतली एक इंग्रज स्त्री, डॉ. लूसी विल्स.

लूसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे सुखवस्तू, शिक्षणाची आणि विज्ञानाची आवड असलेले. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नावाजलेले डॉक्टर होते. भाऊ लेनर्ड पुढे भूशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला. मुलींनी विज्ञान शिकण्यात या घराला काही वावगे वाटत नव्हते, आणि व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट लहान नव्हती. चेल्टनहॅमच्या मुलींच्या प्रसिद्ध शाळेतून लूसी १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेतले आणि १९११ साली दुसऱ्या श्रेणीत परीक्षा उत्तीर्ण केली. मात्र पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना वर्गात बसू देत असे, परीक्षाही देऊ देत असे, पण पदवी द्यायला तयार नव्हते. ही उदारता दाखवायला त्या विद्यापीठाला १९४८ साल उजाडावे लागले.

त्यानंतरची काही वर्षे भटकंतीची आणि दुःखाची होती. परीक्षा झाली त्याच वर्षी वडील वारले आणि १९१३ साली थोरली बहीण ईडिथ गेली. मन रमविण्यासाठी आईसह त्या सिलोनला जाऊन आल्या. १९१४ साली त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या. न्यूनहॅममधील मैत्रीण मार्गट ह्यूम तेथेच होती. मार्गट वनस्पतिशास्त्राची अभ्यासक होती आणि दोघींनाही फ्रॉइडच्या नव्या सिद्धान्तांचे कुतूहल होते. त्याच सुमारास महायुद्धाला तोंड फुटले. लूसी यांनी केपटाउनच्या एका रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचे काम पत्करले आणि बहुधा तेथेच त्यांचा निश्चय झाला असावा. मायदेशी परतताच जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी स्त्रियांसाठीच्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिनमध्ये प्रवेश घेतला.

या संस्थेचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. बालपणी झालेला विवाह नाकारून न्यायालयाला आणि साऱ्या समाजाला सामोऱ्या गेलेल्या डॉ. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या त्या याच महाविद्यालयातून. लूसी यांच्या काळात तेथे शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थिनींत बेने इस्रायल समाजातील जेरुशा झिराड होत्या. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनी मोठा लौकिक मिळवला. हिंदुस्थानातील स्त्रियांची बाळंतपणे आणि त्यांत होणारे मृत्यू हा विषय या महाविद्यालयाच्या वातावरणातच होता.

१९२० साली लूसी डॉक्टर झाल्या. वय बत्तीस. दवाखाना थाटण्याची त्यांना इच्छा नव्हती. रॉयल फ्री रुग्णालयात गरोदरपणातील विकृतींच्या विभागात अध्यापन आणि संशोधन हे काम त्यांनी स्वीकारले. आठ वर्षे शांतपणे गेली. मग डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी त्यांना एक काम सुचवले. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत वर्षे घालवलेल्या बाल्फरबाई मातामृत्यूंची चौकशी करीत होत्या. या मृत्यूंमागे गरोदरपणातील एका विलक्षण रक्तक्षयाचा मोठा वाटा असल्याचे दिसत होते. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या या चौकशीत रक्तक्षयाचा छडा लावण्यासाठी कोणीतरी मुंबईत यायला हवे होते. १९२८ साली लूसी विल्स मुंबईत उतरल्या.

ते वर्ष मुंबईने सहजी विसरावे असे नव्हते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचे भोंगे बंद होते. सहा महिने चाललेल्या त्या संपाने गिरणगावातली चूल कशी पेटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परळला, गिरण्यांच्या चिमण्यांच्या सान्निध्यात, जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या प्रशस्त इमारतीत हाफकिन संस्था होती. प्लेगच्या लसीमुळे तिचे नाव जगभर झाले होते. विल्स यांची प्रयोगशाळा एका राजेशाही वास्तूत आणि त्यांच्या रुग्ण अवतीभवतीच्या चाळींत, अशी ती परिस्थिती होती.

रोगाचे स्वरूप भयंकर होते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात स्त्री पांढरीफटक पडे, पायांवर सूज चढे, धाप लागे आणि बाळंतपणाच्या आगेमागे पुष्कळदा मृत्यू ओढवे. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. येथे उलट दिसे. पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने मोठ्या. घातक पांडुरोग म्हणून युरोपात ओळखल्या जाणाऱ्या विकारातही पेशी अशाच मोठ्या होतात, आणि त्यावर कच्चे यकृत खाऊ घातले तर रुग्ण वाचतो हे मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ साली दाखवून दिले होते. पण मुंबईच्या तरुण स्त्रियांचा आजार हुबेहूब तसा नव्हता. शिवाय यकृत आणि त्याचे अर्क महाग. ज्या घरात दोन वेळच्या भाताची भ्रांत, तेथे हा उपचार सांगून काय उपयोग? आणि अनेकींना तो धर्माने वर्ज्य.

त्या काळी जंतुशास्त्राचा दबदबा होता. अनाकलनीय आजार दिसला की जंतू शोधायचा, हा शिरस्ता. विल्स यांनीही आधी तेच केले. रुग्ण स्त्रियांच्या आतड्यांत काही विशिष्ट जंतू आहेत काय, याचा त्यांनी कसून तपास केला. हाती काही लागले नाही. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकावरची नजर उचलून ताटाकडे वळवली, आणि या आयुष्यातला निर्णायक क्षण कोणता असे विचारले तर तो हाच म्हणावा लागेल.

एस. एन. तळपदे यांच्यासह विल्स यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, किती खाते, भाजी कितीदा, दूध किती, फळ कधी, याची नोंद होऊ लागली. १९३० साली ही पाहणी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे, दूध यांचा मागमूस नव्हता, त्या स्त्रियांना हा रक्तक्षय सर्वाधिक होत होता. गरीब मुस्लिम वस्तीतील स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि रोगाचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त होते. धर्म वा हवामान यांच्या नावाने जे खपवले जात होते, त्याचे मूळ रिकाम्या ताटात आहे, असा याचा सरळ अर्थ होता. परकीय सरकारच्या चौकशीत काम करणाऱ्या डॉक्टरने हे आकडेवारीनिशी मांडावे, याला महत्त्व आहे.

संशय आणि पुरावा यांत मात्र अंतर असते. विल्स यांनी प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखाच आहार देण्यास सुरुवात केली. उंदीर रक्तक्षयाने फिके पडले, गाभण माद्या दगावू लागल्या. त्यांच्या खाण्यात यीस्ट मिसळले की रोग टळत असे. सारे जुळून आले असे वाटत असतानाच विरजण पडले. या उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गानेही त्यांना रक्तक्षय होऊ शकतो, असे निष्पन्न झाले. मग निष्कर्ष कसा काढायचा? विल्स यांनी तो काढला नाही. त्या माकडांकडे वळल्या. बिलिमोरिया या सहकाऱ्यासह केलेल्या या प्रयोगांत निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना अगदी स्त्रियांसारखाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला.

या सगळ्यात त्यांच्या हाती आलेले शस्त्र विलक्षण साधे होते. बियर तयार करताना उरणारे यीस्ट आटवून केलेला मार्माइट नावाचा काळपट, खारट, उग्र वासाचा लेप इंग्लंडात १९०२ पासून विकला जात होता. तेथील लोक तो पावाला लावून खातात. काहींना तो प्राणप्रिय, काहींना त्याचा वासही नकोसा. या लेपात मांसाचा अंश नाही आणि यकृताच्या अर्काच्या मानाने तो स्वस्त. विल्स यांनी तो रुग्ण स्त्रियांना देऊन पाहिला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, गेलेली भूक परतली आणि मरणाच्या दारातल्या स्त्रिया उठून बसू लागल्या. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा यासंबंधीचा निबंध आला. यीस्टमध्ये नेमके कोणते द्रव्य हा चमत्कार घडवते, ते त्यांना ठाऊक नव्हते आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. लोक त्याला विल्स घटक म्हणू लागले.

१९२८ ते १९३३ या पाच वर्षांतला बराचसा काळ त्या मुंबईत होत्या. मधल्या १९२९ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांनी काम कुन्नूरला हलवले. तेथे आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन यांची प्रयोगशाळा होती. १९३१ च्या आरंभी काही काळ त्या मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयात होत्या. पडदानशीन स्त्रियांसाठी काढलेले हे रुग्णालय आज कस्तुरबा गांधींच्या नावाने ओळखले जाते.

१९३३ पासून त्या पुन्हा रॉयल फ्रीमध्ये रुजू झाल्या, तरी मुंबई सुटली नव्हती. नोव्हेंबर १९३७ मध्ये दहा आठवड्यांच्या कामासाठी त्या परत निघाल्या आणि या वेळी प्रथमच विमानाने. इम्पीरियल एअरवेजचे ते पाण्यावर उतरणारे विमान साउदॅम्प्टनहून उडून मार्से, अथेन्स, अलेक्झांड्रिया, बसरा, बहारीन, दुबई असे थांबत थांबत, वाटेत पाच मुक्काम करून कराचीला पोहोचत असे. पुढचा प्रवास बोटीने. पन्नाशीला टेकलेल्या, पर्वतारोहणाची आवड असलेल्या या बाईंना तो प्रवास जड गेला नसावा.

या काळातील त्यांचे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत मोलाचे होते. यकृताचा कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क या रक्तक्षयावर गुणकारी ठरत होता, तर शुद्ध केलेला अर्क निरुपयोगी. घातक पांडुरोगावर मात्र तोच शुद्ध अर्क उत्तम काम करी. म्हणजे अर्क शुद्ध करताना काहीतरी बाहेर टाकले जात होते आणि या स्त्रियांना नेमके त्याचीच गरज होती. यकृतात दोन वेगवेगळी द्रव्ये आहेत, हे यातून उघड झाले. शुद्ध अर्कात उरणारे द्रव्य म्हणजे ब१२ जीवनसत्त्व. ते वेगळे काढायला १९४८ उजाडले. बाहेर टाकले जाणारे द्रव्य म्हणजे विल्स घटक.

तो सापडला पालकात. १९४१ साली टेक्सासमधील संशोधकांनी चार टन पालकातून त्याचा अंश वेगळा काढला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिले. पालेभाजी न मिळालेल्या स्त्रियांच्या रोगावरचे औषध अखेर पालेभाजीतच निघाले. प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्याचे श्रेय अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या संशोधकांना जाते. १९४५ साली जाहीर झालेल्या या कामाचे नेतृत्व आंध्रातून गेलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते आणि त्यासाठी हे द्रव्य लागते. ते नसेल तर अस्थिमज्जेतील पेशी नुसत्याच फुगतात, विभागत नाहीत. मुंबईच्या काचपट्ट्यांवर दिसणाऱ्या त्या मोठाल्या पेशींचे रहस्य हे होते. गर्भवतीच्या शरीरात पेशींची वाढ झपाट्याने होत असल्याने टंचाईचा पहिला फटका तिला बसतो.

विल्स यांना यातून ना नोबेल मिळाले, ना पैसा. मायनट आणि मर्फी यांना १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. विल्स यांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. लंडनमध्ये त्या सायकलवरून रुग्णालयात जात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बवर्षाव चालू असतानाही त्या विकृतिशास्त्र विभागाचे काम पाहत होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्रीवर उडता बॉम्ब पडून काही जणांचा बळी गेला आणि काही दिवस विभागाचे काम खंडित झाले. शिधावाटपाच्या त्या दिवसांत गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, त्यांना नेमाने लोह दिल्याने काय फरक पडतो, याचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह केला आणि तो १९४७ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात शिकलेला धडा त्या लंडनच्या स्त्रियांसाठी वापरत होत्या. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

निवृत्ती नावापुरतीच. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्या आहार आणि रक्तक्षय यांच्या पाहण्या करीत राहिल्या. दहा वर्षे त्या चेल्सीच्या नगरपालिकेत मजूर पक्षाच्या सदस्या होत्या. श्रीमंतांच्या आणि हुजूर पक्षाच्या त्या बालेकिल्ल्यात मजूर पक्षातर्फे बसणे हा त्यांच्या स्वभावाचाच भाग म्हणावा लागेल. त्यांनी विवाह केला नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी शोधलेल्या घटकाचे सर्वांत मोठे कार्य उजेडात यायचे होते. १९६५ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, हिबर्ड आणि स्मिथेल्स या इंग्रज डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये एक शक्यता मांडली. बाळाचा मेंदू किंवा पाठीचा कणा जन्मतःच उघडा, अपुरा राहतो तेव्हा मातेच्या शरीरातील फॉलिक अ‍ॅसिडच्या व्यवहारात काही बिघाड असावा. ती पडताळून पाहायला पाव शतक गेले. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भारपणाआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले, तर व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटत होता. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. मेंदू ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून गोळी आधीपासून हवी, किंवा रोजच्या पिठातच हे द्रव्य हवे. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणे सक्तीचे केले. विल्स यांच्या मायदेशाने तसा कायदा केला तो २०२४ साली.

भारतात १९७० पासून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वाटल्या जात आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात लोहाचा अभाव, जंत, लहान वयातील बाळंतपणे अशी अनेक कारणे मिसळलेली आहेत. एकट्या गोळीने हे सुटत नाही. दुसरी गुंतागुंत पुण्याच्या संशोधकांनी दाखवून दिली. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा १९९३ पासून चाललेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. ज्या मातांच्या रक्तात फॉलिक अ‍ॅसिड भरपूर पण ब१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. शाकाहारी, दूधही बेताचेच मिळणाऱ्या आपल्या समाजात ब१२ ची टंचाई सार्वत्रिक आहे. विल्स यांनी कच्च्या आणि शुद्ध अर्कांच्या साहाय्याने जी दोन द्रव्ये वेगळी ओळखली, त्यांचा समतोल किती नाजूक असतो हे सत्तर वर्षांनी पुन्हा महाराष्ट्रातच दिसून आले. त्याच खेड्यांत पुढे वयात आलेल्या मुलामुलींना, त्यांचे विवाह होण्याआधीपासून, ब१२ देण्याची चाचणी घेण्यात आली. ब१२ मिळालेल्या मातांची बाळे दोन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आकलन आणि भाषा या बाबतींत ती अधिक पुढे असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नोंदले गेले.